छपराखालचा रस्ता

सिंगापुरात उतरून 'रस्त्यावरचे खाणे' शोधू लागलेल्या प्रवाशास प्रथम जो अनुभव येतो तो काहीसा चमत्कारिक असतो. कारण तेथील रस्ते रुंद, वृक्षांच्या छायेने शीतल आणि इतके निर्मळ असतात की, त्यांवर शेगडी पेटवून आणि बाकडे मांडून बसलेला एखादा फेरीवाला आढळेल ही आशाच मनात उरत नाही. ऑर्चर्ड नावाच्या श्रीमंती पेठेत छत्रीखाली उभा राहून आइस्क्रीमची वडी रंगीत पावाच्या घडीत घालून देणारा एखादा वृद्ध विक्रेता दिसतो, तेवढाच बहुतेक त्या जुन्या व्यवसायाचा उघड्यावरचा अवशेष. बाकी ज्या पदार्थांची कीर्ती ऐकून मनुष्य समुद्र ओलांडून येतो, ते सारे पदार्थ, त्यांना रांधणाऱ्या माणसांसह, छपराखालच्या सार्वजनिक मंडयांत, नळ, वीज, सांडपाणी आणि गाळ्याच्या क्रमांकाची पाटी यांच्या पक्क्या बंदोबस्तात नांदत आहेत. या मंडयांना तेथे 'हॉकर सेंटर' म्हणतात. त्यांची संख्या शंभराहून अधिक आहे, आणि सरकारी इमारतींतून राहणारा सामान्य गृहस्थ, मग तो चिनी असो, मलायी असो की तमिळ असो, आठवड्यातून कित्येक वेळा आपले जेवण तेथेच उरकतो.

या खाण्याविषयी लिहिणारे लेखक चवीचे गोडवे गातात आणि ते यथायोग्यच आहे. परंतु जो प्रश्न त्यांना सहसा पडत नाही तो असा की, ज्या नगराने आपल्या जुन्या वाड्या, जुन्या गल्ल्या, फार काय, जुनी कबरस्तानेसुद्धा विकासाच्या आराखड्यासाठी निःसंकोचपणे हलवली, त्या नगरात चार-सहा डॉलरांत पोटभर मिळणारी, दोन-तीन पिढ्यांच्या हाताची ही चव वाचली कशी? माझा अभिप्राय असा आहे की, तिला वाचवण्यात रसिकांइतकाच, किंबहुना त्यांच्याहून काकणभर अधिक, वाटा सरकारी दप्तरातल्या कारकुनांचा आहे. आणि ही हकीकत ध्यानी घेतल्याखेरीज आपल्या पुढ्यातल्या ताटात काय वाढले आहे याचा पुरता उलगडा होत नाही.

१८१९ साली स्टॅम्फर्ड रॅफल्सने ईस्ट इंडिया कंपनीची वखार या बेटावर घातली, आणि पुढल्या तीन-चार वर्षांतच नगररचनेचा जो आराखडा सिद्ध झाला त्यात चिनी, बुगी, अरब, चुलिया म्हणजे तमिळ मुसलमान, आणि युरोपीय यांच्यासाठी निरनिराळ्या वस्त्या आखून देण्यात आल्या. १८२६ पासून पिनांग आणि मलाक्का यांच्या जोडीने या बेटाचा कारभार हिंदुस्थानातल्या इंग्रजी अमलाच्या हुकमतीखाली चालला तो थेट १८६७ पर्यंत. त्या काळात बंगाल, मद्रास आणि आपल्या मुंबई इलाख्यातलेही काळ्या पाण्याची शिक्षा झालेले कैदी तेथे रवाना होत, आणि नगरातले कित्येक जुने रस्ते, इतकेच काय, सेंट अँड्र्यूजचे शुभ्र ख्रिस्तमंदिरही हिंदी बंदिवानांच्या श्रमांतून उभे राहिले. दक्षिण चीनमधून होक्कियन, तिओच्यू, कँटनी, हक्का आणि हैनानी लोक आले, जावा-सुमात्रेतून आणि मलायातून दर्यावर्दी व कारागीर आले, तमिळनाडू आणि केरळ येथून सावकार, हमाल, दुकानदार व गवळी आले. यांतले बहुसंख्य पुरुष बायकामुले मायदेशी ठेवून एकटेच आलेले असत. एकेका खोलीत पाळीपाळीने निजणाऱ्या दहा-बारा जणांना स्वतःची चूल कोठून असणार? तेव्हा ज्याच्यापाशी आईच्या किंवा बायकोच्या हातची एखादी पाककृती आठवणीत होती आणि दुसरे भांडवल काहीच नव्हते, तो फेरीवाला झाला, आणि ज्याच्यापाशी भूक होती पण चूल नव्हती तो त्याचा गिऱ्हाईक झाला.

हा फेरीवाला खांद्यावर कावड घेऊन हिंडे. कावडीच्या एका अंगास पेटती शेगडी आणि तिच्यावर उकळता रस्सा, दुसऱ्या अंगास वाडगे, जेवणाच्या काड्या, चिरलेली पात आणि विसळण्यापुरते पाणी. सारे स्वयंपाकघर एका बांबूवर तोललेले. नूडल विकणारा आपल्या पोऱ्याला पुढे धाडी, तो बांबूचे दोन तुकडे एकमेकांवर आपटून टॉक-टॉक असा नाद करीत गल्लीतून जाई, आणि दुमजली दुकानघरांच्या खिडक्यांतून गिऱ्हाईके टोपलीत पैसे घालून ती दोरीने खाली सोडीत व त्याच टोपलीतून वाफाळता वाडगा वर ओढून घेत. तमिळ विक्रेता डोक्यावरच्या पाटीत भाजलेले शेंगदाणे, चणे आणि वाटाणे घेऊन चित्रपटगृहाबाहेर उभा राही आणि कागदाच्या पुड्या बांधून देई. त्या मालास तेथे आजही कचांग पुते म्हणतात, पण तो विकणारे आता अगदी विरळा झाले आहेत.

वसाहत सरकारच्या लेखी मात्र या सगळ्या रम्य देखाव्याचे नाव 'उपद्रव' असे होते, आणि ते सर्वस्वी खोटे होते असेही म्हणवत नाही. विसळण्याचे तेच पाणी पुन्हापुन्हा वापरले जाई, खरकटे नदीत पडे, पटकी आणि विषमज्वर यांच्या साथी उठत, आणि परवाना नसलेल्या गरिबाकडून गुंडांच्या टोळ्या हप्ता वसूल करीत. १९४२ ते १९४५ या काळातल्या जपानी अमलानंतर बेकारी वाढली तशी रस्त्यांवरच्या शेगड्याही वाढल्या, आणि १९५० मध्ये सरकारने फेरीवाल्यांच्या प्रश्नाच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला. तपासनिसांची गाडी येताना दिसली की गल्लीच्या तोंडाशी उभा असलेला पोरगा ओरडे, सारे जण शेगड्या उचलून पळत, आणि मागे राहिलेल्याची कावड जप्त होऊन तो दंडास पात्र होई; दुसऱ्या दिवशी तोच मनुष्य त्याच कोपऱ्यावर पुन्हा उभा असे.

स्वातंत्र्यानंतर, म्हणजे १९६५ नंतर, नव्या सरकारने जे केले ते आपल्याकडच्या नगरपालिकांनी शांतपणे वाचावे असे आहे. १९६८-६९ या काळात सबंध बेटावरच्या फेरीवाल्यांची नोंदणी झाली, हजारो जणांना तात्पुरते परवाने मिळाले, त्यांना हमरस्त्यांवरून हलवून मागल्या गल्ल्यांत आणि मोकळ्या मैदानांत बसवण्यात आले, आणि १९७१ पासून त्यांच्यासाठी पक्क्या मंडया बांधण्यास आरंभ झाला. १९७७ ते १९८७ या दशकात सिंगापूर नदीची सफाई झाली, तेव्हा तिच्या काठावरचे विक्रेतेही असेच छपराखाली गेले. १९८६ च्या सुमारास रस्त्यावरचा अखेरचा फेरीवालाही गाळ्यात बसला होता. त्यानंतर पंचवीस वर्षे नवी मंडई बांधली गेली नाही. २०११ मध्ये ते काम पुन्हा हाती घेण्यात आले, आणि १६ डिसेंबर २०२० रोजी युनेस्कोने सिंगापूरच्या या फेरीवाला-संस्कृतीस मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. आधी जागा, मग हकालपट्टी, हा जो क्रम त्या सरकारने पाळला, त्यात सारे मर्म आहे. या व्यवहारात काही गमावलेही गेले: कोळशाची आच जाऊन गॅस आला, हाकारे थांबले, आणि चंद्रप्रकाशात नदीकाठी बसून खाण्याची चैन संपली, याबद्दल तेथली जुनी माणसे अद्याप हळहळतात. पण एकोणिसाव्या शतकारंभीच्या ज्या आराखड्याने चिनी, मलायी आणि तमिळ यांच्या वस्त्या वेगळ्या पाडल्या होत्या, त्याचा छेद या मंडयांनी नकळत केला. क्रमांक अकराचा गाळा तिओच्यू म्हाताऱ्याचा, बाराचा मलायी बाईचा, तेराचा तमिळ मुसलमानाचा. आणि समोरच्या एकाच मेजावर तिघांचीही ताटे. शेजाऱ्याच्या ताटात डोकावल्यावाचून जेवणे तेथे कोणास शक्यच नाही.

आता पदार्थांकडे वळू. ज्याने एकच पदार्थ खायचा ठरवले असेल त्याने हैनानी चिकन राइस खावा, असे माझे निश्चित मत आहे, यद्यपि प्रथमदर्शनी तो पाहून कित्येकांचा विरस होतो. फिकट पांढरे कोंबडीचे काप, भाताची मूद, काकडीच्या चकत्या आणि पातळ पाण्यासारखे सार: यात काय एवढे, असे वाटावे. पण आपल्याकडच्या पंगतीतल्या वरणभातासारखा हा पदार्थ आहे. साधेपणामुळे त्यात दोष लपवायला जागाच नाही. अख्खी कोंबडी खळखळ न उकळता, केवळ कढत पाण्यात मुरवत शिजवायची, मग ताबडतोब थंडगार पाण्यात बुडवायची, म्हणजे त्वचेखाली तलम थर धरतो. कोंबडीच्याच चरबीत लसूण आणि आले परतून त्यात तांदूळ घालायचे, आणि ते पांदानच्या पानांसह कोंबडीच्याच काढ्यात शिजवायचे. खरी परीक्षा या भाताची. सोबत आले, लाल मिरची आणि लिंबाचा रस यांची चटणी, आणि काळा दाट सोया सॉस. या पदार्थाचे मूळ हैनान बेटावरच्या वेनचांगच्या कोंबडीत आहे खरे, परंतु त्याला आजचे रूप आले ते सिंगापूर-मलायात. हैनानी लोक या वसाहतीत उशिरा पोहोचले; तोवर व्यापार होक्कियन आणि तिओच्यू लोकांनी वाटून घेतला होता, म्हणून त्यांनी इंग्रज साहेबांच्या बंगल्यांत, हॉटेलांत आणि जहाजांवर आचारी व खानसामे म्हणून चाकरी पत्करली. पुढे ती चाकरी आटली तेव्हा त्यांनी स्वतःची कॉफीची दुकाने थाटली आणि कोंबडीभात रस्त्यावर आणला; आरंभी तो केळीच्या पानात बांधलेल्या भाताच्या गोळ्यांसह विकला जाई.

याच हैनानी खानसाम्यांच्या हातून सिंगापूरची न्याहारी जन्मास आली, आणि ती चुकवणे म्हणजे अर्धे नगर न पाहणे होय. कॉफीच्या बिया साखर आणि लोण्यात जवळजवळ काळ्या होईतो भाजतात, मग लांब कापडी पिशवीतून तो अर्क गाळतात, आणि जाड काचेच्या किंवा चिनी मातीच्या पेल्यात आटवलेले गोड दूध घालून तो समोर ठेवतात. नुसते 'कोपी' म्हटले की गोड दूध आलेच; 'कोपी-ओ' म्हणजे दुधाविना पण साखरेसह; 'कोपी-सी' म्हणजे बिनसाखरेचे आटीव दूध आणि वेगळी साखर; आणि शेवटी 'कोसोंग' जोडले की साखर वर्ज्य. सोबत कोळशावर किंवा जाळीवर भाजलेला पातळ पाव, त्यात थंड लोण्याची चीप आणि 'काया' नावाचा नारळाचे दूध, अंडी, साखर व पांदान यांचा आटवलेला लेप. आणि बशीत फोडलेली दोन अर्धकच्ची अंडी, ज्यांवर सोया सॉस व पांढरी मिरी घालून ती सरळ तोंडाला लावून प्यायची असतात. साहेबाच्या टोस्ट-अंड्याचे हे रूपांतर त्याच्या आचाऱ्याने केले, आणि आता साहेब गेला, आचारी उरला.

मराठी वाचकास अधिक कुतूहल वाटावे असे प्रकरण हिंदी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, परंतु हिंदुस्थानात कोठेही न सापडणाऱ्या पदार्थांचे आहे. 'मी गोरेंग' पाहा: पिवळी नूडल चिनी, तिच्यावरचे टोमॅटोचे लालभडक सार विलायती बाटलीतले, मिरचीचा मसाला आणि कढईवरचा हात तमिळ मुसलमानाचा, आणि नाव मलायी. 'इंडियन रोजाक' नावाच्या पदार्थाच्या गाळ्यावर डाळीची व पिठाची भजी, बटाटे, टोफू, अंडी आणि कोळंबीचे वडे यांचा रंगीबेरंगी डोंगर रचलेला असतो. आपण बोट दाखवू ते नग विक्रेता पुन्हा तळून, कापून देतो, आणि सोबत रताळ्याने घट्ट केलेली गोड-तिखट, केशरी रंगाची कढत चटणी. ही चटणी मद्रासेत कोणास ठाऊक नाही. 'सूप तुलांग' या नावाखाली बकऱ्याची नळ्यांची हाडे लाल रश्श्यात येतात, आणि त्यांतला मगज ओढून घेण्यास चक्क शीतपेयाची नळी देतात; बोटे, ओठ आणि सदरा यांची आशा सोडूनच हा पदार्थ मागवावा. 'रोटी प्राटा' ही दक्षिणेतल्या परोट्याचीच वंशज, मैद्याचा गोळा हवेत भिरकावून कापडासारखा पातळ करायचा, घडी घालून तव्यावर तुपात भाजायचा, आणि डाळीच्या किंवा माशाच्या रश्श्याबरोबर खायचा; पण तीत अंडे, कांदा, चीज, केळे आणि आइस्क्रीमसुद्धा घालण्याचा जो उद्योग तेथे चालतो त्याची जबाबदारी दक्षिणेकडे देता येणार नाही. खिमा, कांदा आणि अंडे भरलेल्या जाड घडीच्या 'मुर्ताबाक'साठी लोक सुलतान मशिदीसमोर जातात. तेथली झमझम नावाची खानावळ १९०८ सालापासून चालू आहे. आणि माशाच्या डोक्याचा रस्सा, जो आज चिनी लोकही आपलाच मानतात, तो १९४९ च्या सुमारास केरळहून आलेल्या एम. जे. गोमेझ यांनी चिनी गिऱ्हाइकांची माशाच्या डोक्याविषयीची आवड हेरून प्रचारात आणला असे मानले जाते. केरळी मसाला, चिनी आवड आणि व्यापाऱ्याची नजर, तिन्ही एका भांड्यात आली.

हीच गोष्ट अधिक जुन्या आणि अधिक कुलीन रीतीने घडलेली पाहायची असेल तर लक्सा खावा. मलाक्का, पिनांग आणि सिंगापूर येथे शतकानुशतके स्थिरावलेल्या चिनी व्यापाऱ्यांनी स्थानिक स्त्रियांशी विवाह केले. त्यांच्या वंशजांस पेरानाकान म्हणतात. घरात मलायी बोलणाऱ्या आणि देव्हाऱ्यात चिनी पूर्वज पुजणाऱ्या या समाजाच्या स्वयंपाकघरात पाट्यावर वाटलेला मसाला हा दिवसाचा आरंभ असे: लेमनग्रास, गलंगल, हळद, सुक्या मिरच्या, कँडलनट आणि 'बलाचान' म्हणजे आंबवून वाळवलेल्या कोळंबीचा गोळा. तो तेल सुटेपर्यंत परतून त्यात नारळाचे दूध घातले की लक्सा झाला. त्यात तांदळाची जाड नूडल, कोळंबी, शिंपल्या आणि वरून चिरलेली लक्साची उग्र गंधाची पाने. कटोंग या पूर्वेकडच्या भागात ही नूडल आधीच कापून आखूड केलेली असते, म्हणून काड्या न लागता नुसत्या चमच्याने वाडगा संपवता येतो. कोकणात वाढलेल्या जिभेला हा रस्सा पहिल्या घोटातच ओळखीचा वाटतो आणि दुसऱ्या घोटात अनोळखी होतो. तिसऱ्या घोटाविषयी मी काही सांगत नाही.

साते म्हणजे काडीवर ओवून निखाऱ्यांवर भाजलेले मांसाचे तुकडे, सोबत भरड शेंगदाण्यांची चटणी, काकडी, कच्चा कांदा आणि विणलेल्या पात्यांत शिजवलेला दाबलेला भात. समुद्रकिनाऱ्यावरचा 'साते क्लब' १९९५ मध्ये बंद झाला. आता सायंकाळी सातच्या सुमारास बून टॅट नावाचा रस्ता वाहनांना बंद करतात आणि त्यावर टेबले मांडतात, हा आणखी एक अपवाद, जेथे रस्त्यावरचे खाणे अजूनही खरोखर रस्त्यावर मिळते. लगतची लाओ पा सात ही अष्टकोनी लोखंडी मंडई १८९४ सालची आहे. तेथले खाणे सामान्य आणि दर चढे, पण इमारत पाहावी. चार क्वे त्याओ म्हणजे काळ्या गोडसर सॉसमध्ये प्रखर आचेवर परतलेली तांदळाची चपटी नूडल, बाक कुत तेह म्हणजे गोदीतल्या हमालांना बळ देणारे डुकराच्या फासळ्यांचे मिरी-लसणाचे सार, होक्कियन मी म्हणजे कोळंबीच्या अर्कात मुरलेली नूडल. यांची नावे केवळ नोंदवून पुढे जातो, कारण ती वाचण्यापेक्षा चाखण्याची आहेत. मिरचीच्या सॉसमधला खेकडा आज महागड्या उपाहारगृहांचे भूषण झाला असला तरी त्याचा जन्म १९५६ साली कलांग नदीकाठच्या एका हातगाडीवर, चेर याम तियान नावाच्या गृहिणीच्या हातून झाला, हे ती भलीमोठी पावती चुकती करताना आठवले तर थोडेसे दुःख हलके होईल.

शाकाहारी वाचक एव्हाना अस्वस्थ झाला असेल, आणि त्याची शंका रास्त आहे. कारण तेथे नुसती पालेभाजी मागवली तरी ती बलाचानमध्ये परतलेली असते, आणि निरुपद्रवी दिसणारी नूडल डुकराच्या चरबीत तळलेली असते. त्यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे सेरंगून मार्गावरची टेक्का मंडई, जेथे डोसे, वडे, अप्पम, आणि खवलेला नारळ व लालसर साखर घालून 'पुतु मायम' या नावाने मिळणाऱ्या तांदळाच्या वाफवलेल्या शेवया यांची चैन आहे. हा भाग पूर्वी गुरांच्या गोठ्यांचा आणि दूधदुभत्याचा होता व म्हणूनच तेथे हिंदी वस्ती झाली. १९४७ पासून चालू असलेले कोमला विलास हे शाकाहारी भोजनालयही त्याच रस्त्यावर आहे, आणि सिंगापुरात स्थायिक झालेली मराठी कुटुंबे आपल्या पाहुण्यांना पहिल्या दिवशी बहुधा तिकडेच नेतात. दुसरा उपाय कमी ठाऊक असलेला, पण माझ्या मते अधिक रोचक आहे. अनेक मंडयांत बौद्ध शाकाहारी गाळे असतात, आणि त्यांच्या पाटीवर पुष्कळदा स्वस्तिकाचे चिन्ह असते. ते दिसले की बेधडक पुढे जावे. तेथे गव्हाच्या व सोयाबीनच्या प्रथिनांपासून मांसाचा हुबेहूब आभास निर्माण करतात, कांदा-लसूणही कित्येकदा वर्ज्य असतो, आणि चिनी चांद्रमासाच्या प्रतिपदेस व पंधराव्या तिथीस उपासक अशा गाळ्यांसमोर लांबलचक रांग लावतात. या शेवटच्या बाबतीत आपल्या चातुर्मासवाल्या मंडळींना परकेपणा वाटण्याचे काहीच कारण नाही.

मंडईत वागण्याचे काही संकेत आहेत, ते आधी जाणून घ्यावेत. मोकळ्या खुर्चीवर कागदी हातरुमालांचे छोटे पाकीट पडलेले दिसले तर ती जागा कोणीतरी राखली आहे असे समजावे. या पाकिटाचा अधिकार मोठमोठे साहेबही मानतात. आधी जागा धरायची, मग रांगेत उभे राहायचे, आणि रांग जितकी लांब तितका गाळा भरवशाचा, हा हिशेब बहुधा खरा ठरतो. विक्रेत्यास 'अंकल' आणि विक्रेतीस 'आंटी' म्हणावे. वय कितीही असो, त्यात आदरच आहे. मुसलमानी गाळ्यांच्या थाळ्या व चमचे निराळे असतात आणि परत ठेवण्याची जागाही निराळी असते, तेथे गल्लत करू नये. जेवून झाल्यावर थाळी जागेवर सोडून जाणे २०२१ पासून दंडनीय ठरले आहे, तेव्हा 'उचलणारा माणूस असतोच' ही आपली सवय विमानातच सोडून द्यावी.

२०१६ मध्ये मिशेलिनच्या मार्गदर्शिकेने सिंगापूरची पहिली यादी काढली, तेव्हा दोन फेरीवाल्यांच्या गाळ्यांना प्रत्येकी एक तारा मिळाला. त्यांपैकी एक होता चायनाटाउन कॉम्प्लेक्स या सर्वांत मोठ्या मंडईतील चान होन मेंग यांचा सोया सॉसमधल्या कोंबडीचा, जेथे एका थाळीचा दर तेव्हा दोन डॉलरांच्या आसपास होता. जगभर त्याची वार्ता झाली, रांगा लांबल्या, भागीदारीतल्या शाखा निघाल्या, आणि २०२१ मध्ये तो तारा गेला. मला या ताऱ्यांविषयी फारसे प्रेम नाही. जी गोष्ट मुळातच रोजच्या भुकेसाठी घडली तिला परदेशी पंचांनी पदक देणे यात तिचा गौरव थोडा आणि त्या दराचे संकट अधिक आहे. कारण पदकानंतर गिऱ्हाईक वाढते, पण दर वाढवला की तोच शेजारचा गृहस्थ, जो विदेशी कॉफीस आठ डॉलर विनातक्रार मोजतो, तो पन्नास सेंटांवरून अंकलशी हुज्जत घालतो.

या व्यवसायात असलेल्यांचे सरासरी वय साठीच्या आसपास आहे. पहिल्या पिढीतल्या ज्या फेरीवाल्यांना रस्त्यावरून आणून बसवले त्यांना सरकारने गाळे सवलतीच्या भाड्याने दिले आणि त्या सवलतीवरच त्यांचे स्वस्त दर टिकले. नव्या माणसाला मात्र गाळा निविदेतून, बाजारभावाने घ्यावा लागतो, आणि तो घेण्याचा अधिकार केवळ नागरिकास व कायम रहिवाशास आहे. पहाटे चारला उठून काढा चढवणाऱ्या बापाने मुलास अभियंता केले, आणि अभियंत्यास पहाटे चारला उठण्याची गरज उरली नाही, यात दोष कोणाचाच नाही. सरकारने यावरही आपल्या स्वभावास धरूनच इलाज काढला: नवशिक्यांसाठी तयार सामानाचे गाळे आरंभीचे काही महिने निम्म्या भाड्यात मिळतात, आणि तेमासेक पॉलिटेक्निकमध्ये या व्यवसायाचा रीतसर पदविकोत्तर अभ्यासक्रम निघाला आहे, ज्यात जुना फेरीवाला गुरू होऊन आपल्या गाळ्यातच विद्यार्थ्यास कढईसमोर उभा करतो. ज्या धंद्यासाठी आजोबांची कावड जप्त झाली त्याच धंद्याचे प्रमाणपत्र नातवास सरकारी शिक्क्यासह मिळते आहे. ते घेऊन तो गाळ्यात किती वर्षे टिकतो हे भाड्याच्या आकड्यावर ठरेल; तूर्त तरी वृद्ध अंकलांचे अनेक गाळे आठवड्यातून दोन दिवस बंद असतात आणि उघडे असतात त्या दिवशीही भांडे संपले की दुपारी एकलाच फळी खाली येते, म्हणून प्रवाशाने सकाळी दहाच्या आतच तेथे पोहोचावे, आणि बरोबर रोख पैसे सुटे ठेवावेत.